भार कोणत्या पायावर?

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतला स्मरणचित्राचा पेपर अनेकांना आठवत असेल. 'भाजीबाजार', 'पाणवठा', 'बसथांबा' असा काहीतरी विषय यायचा आणि वर्गभर सगळ्यांच्या कागदांवर एकाच साच्यातली माणसं उभी राहायची. अंड्यासारखं डोकं, खांद्यापासून सरळ खाली सोडलेले हात, दोन समांतर पाय आणि दोन्ही पावलं एकाच दिशेला. भाजीवाली बसलेली दाखवायची, तर साडीचा एक तंबू ठोकायचा आणि त्याच्या शेंड्यावर डोकं ठेवून द्यायचं. छत्र्या, टोपल्या, झाडं बऱ्यापैकी जमून जायची. माणूस मात्र कागदावर उतरला की बाहुली व्हायचा.

पुढे चित्रकलेच्या वर्गात मी काढलेल्या एका उभ्या माणसाकडे आमचे सर बराच वेळ बघत राहिले. नाक-डोळे चांगले आले होते, शर्टाच्या गुंड्यासुद्धा मोजून काढल्या होत्या. सरांनी एवढंच विचारलं, "ह्याचा भार कोणत्या पायावर आहे रे?" मला सांगता येईना. "मग हा उभा कसा राहिला?" म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे गेले.

मानवाकृती रेखाटनाबद्दल त्यानंतर जे काही वाचलं, पाहिलं, गिरवलं, ते सगळं फिरून त्याच प्रश्नापाशी येतं. चित्रकाराला शरीरशास्त्र कशाला हवं, हाडांची आणि स्नायूंची माहिती किती हवी, सराव कसा करायचा, हे सगळं त्या एका प्रश्नाच्या पोटात आहे. शरीर म्हणजे वजन पेलणारी आणि तोल सावरणारी रचना. ते वजन कुठून निघून कुठे पोचतंय हे डोळ्यांना दिसायला लागलं, की माणूस कागदावर उभा राहायला लागतो.

विठोबा आणि मुरलीधर

उभं राहून एक गोष्ट करून बघा. सगळा भार उजव्या पायावर टाका, डावा गुडघा सैल सोडा आणि दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा. उजव्या हाताखालचं हाड वर सरकलेलं लागेल, डावीकडचं खाली. कंबर अशी कलली की तिच्यावर रोवलेला पाठीचा कणाही त्याच बाजूला कलणार. पण तो तसाच कलत गेला तर माणूस पडेल. म्हणून कणा वर जाताना उलटा वळतो. उजवा खांदा खाली येतो, डावा वर जातो आणि मान शेवटचा तोल साधते. आरशात पाहिलं तर खांद्यांची रेषा आणि कमरेची रेषा एकमेकींच्या विरुद्ध कललेल्या दिसतात. गळ्याशी, दोन्ही कॉलर बोनच्या मधे जी खळगी असते, तिथून ओळंबा सोडला तर तो भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्यापाशी येतो.

ग्रीक शिल्पकारांनी हा कल इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात दगडात आणला. त्याआधीचे त्यांचे पुतळे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे असत. युरोपातल्या कलाशाळांत अशा उभं राहण्याला 'काँट्रापोस्तो' हा इटालियन शब्द रुळला. आपल्या मूर्तिशास्त्रानं त्यासाठी स्वतःचे शब्द घडवले: समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग. इथे भंग म्हणजे बाक, शरीराला पडलेलं वळण.

पंढरपूरचा विठोबा दोन्ही पाय जुळवून विटेवर उभा आहे, हात कमरेवर. भार दोन्ही पायांवर सारखा. खांदे आणि कंबर समांतर. तो कितीही काळ असाच थांबेल असं जे आपल्याला वाटतं, त्याचा मोठा वाटा या समतोलाचा आहे. मुरलीधराचं उलट. एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकलेला, कंबर एकीकडे, छाती दुसरीकडे, मान पुन्हा पहिल्या बाजूला. सगळा भार एका पायावर आणि बाकीचं शरीर तो सावरण्यात गुंतलेलं, म्हणून त्याच्यात लय दिसते. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभं राहिलं की नजर अशाच वळणांवरून खाली उतरते.

देवांना सोडून एसटी स्टँडवरच्या माणसांकडे पाहिलं तरी तेच. गाडीची वाट पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण एका पायावर उभा असतो आणि तो पाय अवघडला की दुसऱ्यावर जातो. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी दिसतात ती राष्ट्रगीताला उभी असलेली मुलं. स्मरणचित्राच्या कागदावर आम्ही बसथांब्यावरची सगळी गर्दी राष्ट्रगीताला उभी केली होती.

डोकी मोजायची की चेहरे?

भार कळला तरी माणूस बुटका किंवा लांबुडका होऊ नये, यासाठी प्रमाण हवं. कलाशाळांत त्यासाठी डोकं हे माप धरतात, म्हणजे टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते. आकृतीत रुबाब आणायचा असेल तर आठ धरतात. वर्षाच्या बाळाची उंची जेमतेम चार डोक्यांची असते. म्हणून मोठ्या माणसाचंच प्रमाण ठेवून आकार लहान केला, तर ते मूल वाटत नाही, ठेंगणा माणूस वाटतो.

काही खुणा एकदा डोक्यात बसल्या की जन्मभर साथ देतात. उंचीचा मध्य बेंबीवर येत नाही, तिच्या बराच खाली, जांघेपाशी येतो. हात सैल सोडला की कोपर कमरेच्या बारीक भागाशी, मनगट जांघेच्या पातळीला आणि बोटांची टोकं मांडीच्या मध्याजवळ येतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. नवशिका ते कपाळात काढतो, कारण केसांखालची कवटी त्याच्या हिशेबातच नसते. पंजा चेहऱ्यावर ठेवला तर हनुवटीपासून कपाळाच्या वरच्या भागापर्यंत पोचतो, आणि तरी आपण काढलेल्या माणसांचे हात बाळासारखे लहान येतात.

आपल्या शिल्पशास्त्रानं डोक्याऐवजी चेहरा हे माप धरलं. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं अंतर म्हणजे एक ताल. त्याचे बारा भाग केले की एक भाग म्हणजे अंगुल. नवताल मूर्तीचा एक प्रचलित हिशेब असा: चेहरा १२ अंगुलं, मान ४, गळ्यापासून हृदयापर्यंत १२, हृदयापासून बेंबीपर्यंत १२, बेंबीपासून जांघेपर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४ आणि पाऊल ४. बेरीज १०८, म्हणजे नऊ ताल. मान, गुडघा आणि पाऊल यांची मापं सारखी, मांडी आणि पोटरी सारखी, धडाचे तीनही भाग सारखे. मूर्तिकाराला एवढं पाठ असलं की दोरी आणि कोळसा घेऊन तो दगडावर आखणी करू शकतो.

नऊ ताल आणि साडेसात डोकी हे दोन आकडे ऐकले की वाटतं, आपल्या मूर्ती खऱ्या माणसापेक्षा बऱ्याच उंच असणार. जरा हिशेब करून पाहिला तर वेगळं दिसतं. चेहरा डोक्याच्या साधारण चार पंचमांश असतो. नऊ चेहरे म्हणजे सात डोक्यांहून थोडं जास्त. त्यात केसांच्या रेषेवरचा टाळूपर्यंतचा भाग मिळवला की उत्तर साडेसातच्या अगदी जवळ येतं. दोन वेगळ्या परंपरांनी वेगळा गज घेऊन एकाच माणसाला मोजलं होतं.

अर्थात प्रमाण हा फक्त गज आहे. समोर बसलेली व्यक्ती सात डोक्यांची असेल, आखूड मानेची असेल, लांब पोटऱ्यांची असेल. तिथे पेन्सिल हेच माप. हात कोपरात न वाकवता पूर्ण ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत डोकं मोजायचं आणि मग तेच माप शरीरावरून खाली नेत जायचं. कोपर थोडं जरी वाकलं तरी माप बदलतं, इतकी ही गोष्ट साधी आणि कडक आहे.

कोपर जागेवर, तरी हात उलटतो

उजवा हात टेबलावर असा ठेवा की तळवा आढ्याकडे असेल. आता डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या टोकावर ठेवा आणि तळवा हळूच उलटा करा. कोपराचं टोक जागचं हललं नाही, आणि मनगट मात्र पूर्ण फिरलं. हे कसं झालं? कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत. करंगळीच्या बाजूचं अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. तळवा वर असताना ती शेजारी शेजारी असतात. तळवा उलटताना अल्ना जागेवर राहतं आणि रेडियस त्याच्यावरून तिरकं जाऊन पडतं. त्याच्याबरोबर स्नायूंना पीळ बसतो. मघाशी रुंद आणि चपटा दिसणारा हात आता गोलसर दिसायला लागतो.

चित्रकाराला शरीरशास्त्र हवं ते इतकं आणि असं. डॉक्टरला प्रत्येक हाडाचं नाव हवं, शिरा हव्यात, रक्तवाहिन्या हव्यात. चित्रकाराला कातडीवर उमटणारा बदल कशामुळे झाला, हे कळलं की पुरे. माणसाच्या शरीरात २०६ हाडं आहेत; त्यांतली जी कातडीला टेकतात, ती आपले मैलाचे दगड. गळ्याची खळगी, कॉलर बोन, खांद्याचा फरा, छातीच्या पिंजऱ्याची खालची कमान, कमरेच्या हाडाची दोन पुढची टोकं, मांडीच्या वरच्या टोकाला बाजूला लागणारा उंचवटा, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटे. माणूस जाड असो की हडकुळा, या जागा सापडतातच. जाड माणसाच्या अंगावर जिथे उंचवट्याऐवजी खळी पडलेली दिसते, तिथे बहुधा आत हाड कातडीच्या जवळ असतं.

पायाच्या घोट्यांकडेच बघा. आतला घोटा उंचावर असतो, बाहेरचा खाली. पोटरीचं मात्र उलट. बाहेरच्या बाजूचा फुगवटा वर, आतला खाली. दोन्ही बाजू एका पातळीला काढल्या की पाय लाकडी खांब होतो. त्या वर-खाली घेतल्या की रेषेला आपोआप लय येते. पंजा मागून पाहिला तर मधलं बोट मुठीच्या उंचवट्यापासून टोकापर्यंत पंजाच्या जवळजवळ निम्मं भरतं. तळव्याकडून पाहिलं तर तेच बोट आखूड दिसतं, कारण बोटांमधली कातडी त्याचा मुळाकडचा भाग झाकते.

मान डावीकडे वळवली की उजव्या बाजूला कानामागून गळ्याच्या खळगीपर्यंत एक दोरी ताणलेली दिसते. तिचं नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, दोरी कुठून कुठे जाते ते लक्षात राहायला हवं. मुंबईच्या लोकलमधे हँडल धरून उभ्या असलेल्या माणसाचा खांदा कानापाशी जातो, तेही असंच. हात पूर्ण वर नेताना सगळी हालचाल खांद्याच्या खोबणीतून होत नाही. १८० अंशांतले सुमारे ६० अंश खांद्याचा फरा फिरल्यामुळे मिळतात आणि त्याच्याबरोबर कॉलर बोनचं बाहेरचं टोकही उचललं जातं. हे माहीत नसलं तर आपण खांदा जागेवर ठेवून नुसता हात वर चिकटवतो आणि तो मोडल्यासारखा दिसतो.

प्रेतं, पुस्तकं आणि अक्रोडांचं पोतं

ही माहिती सहज हाती आलेली नाही. १५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या एका रुग्णालयात लिओनार्दो दा विंची एका म्हाताऱ्याशी बोलत बसला होता. आपलं वय शंभरावर आहे, अशक्तपणाखेरीज काही त्रास नाही, असं त्या म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं. थोड्या वेळानं पलंगावर बसल्या बसल्याच त्याचा जीव गेला. इतकं शांत मरण कशामुळे आलं हे पाहण्यासाठी लिओनार्दोनं त्याचं शवविच्छेदन केलं. आयुष्यात आपण तीसहून अधिक प्रेतं उघडून पाहिली, असं त्यानं उतारवयात सांगितलं होतं. खांदा त्यानं एका बाजूनं काढून सोडला नाही. माणसाभोवती फिरत फिरत वेगवेगळ्या कोनांतून काढला. काही ठिकाणी तर स्नायूंच्या जागी नुसत्या दोऱ्या काढल्या, म्हणजे ओढ कुठून कुठे जाते ते स्पष्ट दिसावं. भार आणि ओढ यांचाच तो शोध होता. ती चित्रं आज इंग्लंडमधे विंडसर इथल्या राजसंग्रहात आहेत.

तरुण मायकेलअँजेलोनं फ्लॉरेन्सच्या सान्तो स्पिरितो मठात प्रेतांचा अभ्यास केला आणि तिथल्या मठाधिपतीला लाकडी क्रूस कोरून दिला. १५४३ मधे आंद्रेआस वेसालियस या अठ्ठावीस वर्षांच्या वैद्यानं शरीररचनेवरचा आपला मोठा ग्रंथ बाझेल इथे छापला. त्यात कातडी सोललेली माणसं निसर्गदृश्यासमोर चालत्या-बोलत्या माणसांसारखी उभी आहेत. वैद्यक आणि चित्रकला एकाच पानावर आल्या होत्या. १७६७ मधे फ्रेंच शिल्पकार उदाँ यानं कातडी नसलेल्या, फक्त स्नायू दाखवणाऱ्या माणसाचा पुतळा घडवला आणि त्याच्या प्लास्टरच्या प्रती कलाशाळांतून गेल्या.

हे ज्ञान सगळ्यांना सारखं मिळालं नाही. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ मधे स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन स्त्री चित्रकार होत्या, अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. काही वर्षांनी योहान झोफानी यानं अकॅडमीचे सभासद लाइफ क्लासमधे जमलेले रंगवले. समोर नग्न पुरुष मॉडेल बसलेलं असल्यानं त्या दोघींना खोलीत जागाच नव्हती. झोफानीनं त्यांना भिंतीवरच्या तसबिरींमधे दाखवलं. तिथल्या विद्यार्थिनींना मॉडेलसमोर बसून काम करायला १८९३ उजाडावं लागलं, तेही मॉडेलच्या अंगावर वस्त्र असण्याच्या अटीवर. माणूस काढता आला नाही की इतिहास, पुराण, युद्ध असे त्या काळी मोठे मानले जाणारे विषय हाती घेता येत नसत. स्त्रियांची कुवत कमी पडली नाही, त्यांच्यासाठी वर्गाचं दारच बंद होतं.

शरीरशास्त्राचा एक धोकाही लिओनार्दोनंच दाखवून दिला. शिकलेला प्रत्येक स्नायू फुगवून दाखवणाऱ्या चित्रकारांच्या नग्नाकृतींना त्यानं अक्रोडांच्या पोत्याची उपमा दिली. काम करणारा स्नायू कठीण होतो, त्याच्या समोरचा सैल पडतो. सगळे एकदम कठीण झाले तर माणसाला हलताच येणार नाही. कोणता स्नायू आत्ता भार उचलतोय, हे विचारलं की पोतं होत नाही.

मॉडेलच्या पावलांभोवतीचा खडू

आपल्याकडे हा अभ्यास शिस्तीत सुरू झाला तो मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मधे ही शाळा उभी राहिली. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करणं हा तिथल्या शिक्षणाचा पाया होता. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करू लागले, आणि ते काम १८८५ पर्यंत चाललं. एकाच शाळेतल्या मुलांच्या हाताखालून ग्रीक देहही गेला आणि अजिंठ्याचाही.

गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मधे विद्यार्थिदशेतच 'मंदिरपथगामिनी' घडवली. वस्त्राच्या घड्यांखालून शरीराची हालचाल जाणवावी, हे त्या पुतळ्यात आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मधे या शाळेत आले आणि १९३१ पर्यंत राहिले. त्या काळाची हकिगत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ऑटो रोथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकात धुरंधरांनी रंगवलेल्या बायका पाहाव्यात. वेशभूषा नाना तऱ्हेची, पण प्रत्येकीच्या लुगड्याखाली गुडघा कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येतं.

जिवंत नग्न मॉडेलवरून अभ्यास या शाळेत रुजवला तो ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी, १९१९ च्या सुमारास त्यांनी सूत्रं हाती घेतल्यावर. पुढे एम. आर. आचरेकरांनी 'रूपदर्शिनी' हे पुस्तक करून भारतीय शिल्पातल्या देहाची जिवंत मॉडेलशी सांगड घातली. हेच आचरेकर 'आवारा' आणि 'श्री ४२०' या चित्रपटांचे कलादिग्दर्शक होते.

लाइफ क्लासमधे पहिल्यांदा गेल्यावर जो अवघडलेपणा असतो, तो कोळसा हातात आला की पाच मिनिटांत विरतो. समोरच्या देहाकडे पाहायला इतकं असतं की दुसरा विचार सुचायला जागा राहत नाही. खरी अडचण समोरच्या व्यक्तीची असते. वीस मिनिटं एका पायावर भार देऊन हलायचं नाही, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आधी तळव्याला मुंग्या येतात, मग कंबर भरून येते, खांदा नकळत खाली उतरायला लागतो. विश्रांतीनंतर तीच पोज पुन्हा मिळावी म्हणून पावलांभोवती खडूनं रेघ आखतात. वर्ग सुटल्यावर व्यासपीठावर ती रिकामी पावलं तेवढी राहतात. २०१८ मधे आलेल्या 'न्यूड' या मराठी चित्रपटानं हे काम करणाऱ्या बाईचं जगणं पडद्यावर आणलं. तिच्या नावानं प्रदर्शनं भरत नाहीत. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी चित्रकारांचा हात अशाच कुणाच्या तरी अवघडलेल्या पायावर तयार झाला आहे. मॉडेलला वेळेवर विश्रांती, आडोसा, योग्य मानधन आणि वर्गातली अदब मिळायलाच हवी. ती मिळत नसेल, तर त्या वर्गात शिकवलं जाणारं शरीरशास्त्र अपुरं आहे.

रोजची पंचवीस मिनिटं

लाइफ क्लास सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि येण्याची वाटही पाहू नये. रोज पंचवीस मिनिटं पुरतात. पहिली पाच मिनिटं अर्ध्या अर्ध्या मिनिटाची दहा रेखाटनं. त्यात चेहरा नको, बोटं नकोत. डोक्यापासून भार पेलणाऱ्या पायापर्यंत एक वाहती रेषा आणि खांदे-कमरेचे दोन तिरके कल, बस्स. मग दोन दोन मिनिटांची पाच. त्यांत डोकं, छातीचा पिंजरा आणि कंबर हे तीन मोठे गोळे एकमेकांवर कसे कललेत ते बसवायचं. शेवटची दहा मिनिटं एकाच आकृतीला, हाडांच्या खुणा शोधत. बाह्यरेषा सगळ्यात शेवटी. घराच्या भिंती उभ्या राहण्याआधी कुणी रंगारी बोलावत नाही.

कागद उभा किंवा तिरका धरावा. टेबलावर सपाट ठेवला तर त्याचा वरचा भाग डोळ्याला आखूड दिसतो आणि आकृती बिघडते. रेषा मनगटातून न ओढता खांद्यातून ओढावी, म्हणजे ती लांब आणि मोकळी येते. शरीरशास्त्र मात्र घाईनं शिकू नये. एक आठवडा फक्त गुडघा. आधी पुस्तकातून हाडं काढायची, मग आरशात स्वतःचा गुडघा सरळ आणि वाकवून काढायचा, मग काही न पाहता आठवून काढायचा आणि पुस्तकाशी ताडून पाहायचा. चुकलं तिथेच शिकणं होतं. एका वर्षात बावन्न आठवडे असतात आणि चित्रकाराला हवे असलेले अवयव त्याहून कमी.

मॉडेल चहूकडे आहेत. मुंबईच्या कलाशाळांतली मुलं वर्षानुवर्षं स्टेशनांवर वही घेऊन बसतात, कारण तिथे झोपलेली, पेंगणारी, ओझं उचलणारी माणसं एकाच जागी भेटतात. कोल्हापूरच्या तालमीत पाठीचा प्रत्येक स्नायू डाव टाकताना स्वतःहून ओळख देतो. मल्लखांबावरचं पोर उलटं लटकलं की वजन कुठे आहे हे शोधायला डोकं चालवावं लागतं. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायकराव करमरकरांचं संग्रहालय आहे. तिथले पुतळे हलत नाहीत, तक्रार करत नाहीत आणि कोकणातल्या माणसांसारखे दिसतात.

तंबूखालचा गुडघा

अँड्र्यू लूमिस, जॉर्ज ब्रिजमन यांच्या पुस्तकांनी जगभरच्या विद्यार्थ्यांचे हात घडवले आणि ती आजही जरूर अभ्यासावीत. पण त्या पुस्तकांतली माणसं उभी असतात, धावतात, खुर्चीवर रेलतात. मांडी घालून जेवणारा माणूस, उकिडवी बसून भांडी घासणारी बाई, एक गुडघा वर घेऊन विळीवर बसलेली आजी त्यांत क्वचितच भेटते. आपली निम्मी माणसं तर अशीच बसतात. त्यांचं शरीरशास्त्र आपल्यालाच पाहून शिकायचं आहे.

आमच्या मंडईच्या कोपऱ्यावर एक म्हातारी मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. मी कितीदा तरी तिला वहीत काढलं आहे. ती उकिडवी बसते, टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या. मांड्या पोटाला चिकटलेल्या, गुडघे काखेपर्यंत आलेले, आणि सगळा भार दोन पावलांच्या मधोमध. पाठ वाकडी वाटते, पण नीट पाहिलं तर कमरेपासून मानेपर्यंत ती एक लांब कमान आहे; छातीचा पिंजरा पुढे झुकला म्हणूनच ती मागे पडत नाही. साडीची प्रत्येक घडी गुडघ्याच्या टोकावरून सुटते आणि दोन्ही बाजूंना पसरत जाते. साडी गुडघ्यावरून ताणलेली, मधे सैल, पावलांपाशी गोळा झालेली.

गिऱ्हाईक आलं की ती उजव्या हातानं तराजू उचलते. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात मेथी. हात खांद्यापर्यंत वर जातो, त्याच्याबरोबर फरा वर सरकतो आणि तिचं अख्खं शरीर, तिला न विचारता, किंचित डावीकडे झुकतं. डाव्या पावलाची बोटं जमीन घट्ट धरतात. दोन्ही पारडी एका रेषेत आली की ती क्षणभर अगदी स्थिर होते.

परवा तो क्षण मला कागदावर मिळाला. चेहरा पुरता आलेला नाही, हाताची बोटं अर्धवट आहेत. पण डाव्या पावलाखाली कोळसा थोडा दाबून फिरला आहे. सरांनी आज विचारलं असतं, तर मी तिथे बोट ठेवलं असतं.